सेलवर १.५ लिहिलंय आणि मीटर १.३ दाखवतोय? आतल्या रोधासकट व्होल्टेज काढायची रीत

खानापूर, निपाणी, उचगाव, येळ्ळूर अशा ठिकाणच्या मराठी शाळांतून दहावी करून बेळगावात पीयू (कर्नाटकातली अकरावी-बारावी) सायन्सला येणाऱ्या मुलांना दोन गोष्टी एकदम अंगावर येतात. एक म्हणजे इंग्रजी. दुसरी गोष्ट पुस्तकात कुणी ठळक करून सांगत नाही. दहावीच्या विजेच्या गणितात बॅटरी म्हणजे ठरलेला आकडा असतो, ६ व्होल्ट म्हणजे ६ व्होल्ट. सेकंड पीयूच्या करंट इलेक्ट्रिसिटीच्या धड्यात तीच बॅटरी कधी ५.४ देते, कधी ६.३, आणि कधी चक्क शून्य.

मीही याच वाटेनं गेलोय, दहावी मराठीतून आणि पीयू इंग्रजीतून. आता शिकवणीला येणाऱ्या मुलांना पाहतो, तर बहुतेकांनी तीन-चार सूत्रं पाठ केलेली असतात आणि कुठलं कुठे लावायचं याचा गोंधळ असतो. माझं म्हणणं एवढंच, की सूत्र एकही पाठ करू नका. सेलच्या आत लपलेला रोध कागदावर काढा, मग उरतं ते दहावीचंच गणित.

आधी जमवाजमव

नुसती गणितं करायची तर वही-पेन पुरे. पण एकदा स्वतः मोजून बघा, विषय कायमचा बसतो. त्यासाठी हे लागेल:

- साधा डिजिटल मल्टिमीटर (डीटी ८३० जातीचा स्वस्तातला चालतो)
- १.५ व्होल्टचे दोन-तीन पेन्सिल सेल, त्यातला एक जुना, वापरलेला
- ४.७ ओहमचा आणि १० ओहमचा एकेक रेझिस्टर, २ वॅट किंवा त्याहून मोठा. पांढरा चौकोनी सिमेंटचा ५ वॅटचा मिळाला तर उत्तम
- सेल होल्डर, वायरचे दोन तुकडे, चिकटपट्टी

बेळगावात इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या दुकानात हे सगळं मिळतं. गावाकडे असाल तर टीव्ही-मिक्सर दुरुस्त करणाऱ्याकडे जुन्या बोर्डावरचा सिमेंट रेझिस्टर बहुधा पडलेला असतो, मागून बघा.

रेझिस्टर घेताना वॅट विचाराच. पाव वॅटचा बारीक रेझिस्टर घेतलात तर पंचाईत होईल. ४.७ ओहमवर १.४२ व्होल्ट पडले की त्यात १.४२ × १.४२ ÷ ४.७, म्हणजे साधारण ०.४३ वॅटची उष्णता तयार होते. पाव वॅटवाला तापतो, बोट भाजतं, आणि तापल्यामुळे त्याचा रोधही थोडा सरकतो.

शब्दांचं एकदाच बघून घ्या. पीयूत ज्याला ई.एम.एफ. म्हणतात ते आपलं विद्युतगामक बल, म्हणजे सेलचं मूळचं पूर्ण व्होल्टेज. टर्मिनल व्होल्टेज म्हणजे सेलच्या दोन टोकांमधलं विभवांतर, जे प्रत्यक्ष बाहेर मिळतं. इंटर्नल रेझिस्टन्स म्हणजे अंतर्गत रोध. मी पुढे सरळ 'आतला रोध' आणि 'बाहेरचा रोध' म्हणेन. पुस्तकात आतल्याला लहान लिपीतला आर आणि बाहेरच्याला मोठ्या लिपीतला आर असतो. घाईघाईत लिहिताना हे दोन आर एकसारखे दिसायला लागतात आणि तिथेच मार्क जातात. लहान आर मुद्दाम वळणदार काढायची सवय लावा.

१. सेल फोडून दाखवा, कागदावर

कुठलंही गणित आलं की सेलच्या चिन्हाभोवती तुटक रेषेचा चौकोन काढा. त्या चौकोनात दोन वस्तू एकापुढे एक ठेवा: एक आदर्श सेल, ज्याचं ई.एम.एफ. ठरलेलं आहे, आणि त्याला लागून एक छोटा रेझिस्टर. चौकोनातून बाहेर येणारी दोन टोकं म्हणजे सेलची खरी टोकं. मीटर लागतो तो तिथे. चौकोनाच्या आत, त्या दोन वस्तूंच्या मध्ये, आपल्याला मीटर लावता येत नाही.

हा रोध कुठून येतो? सेलच्या आत प्रवाह रसायनातून, आयनांच्या हालचालीनं जातो आणि त्या वाटेला अडथळा असतोच. सेल जुना झाला की अडथळा वाढतो, थंडीतही वाढतो. डिसेंबरच्या सकाळी सेल्फ-स्टार्टची गाडी कुरकुरते, त्यामागचं हे एक कारण.

खुद्द ओहमलाही हा रोध नडला होता. धातूच्या तारांवर प्रयोग करताना त्या काळचे सेल स्थिर राहत नसत, वाचनं घसरत. मग पोगेनडॉर्फ या शास्त्रज्ञाच्या सल्ल्यावरून त्यानं सेल बाजूला ठेवले आणि तांबं-बिस्मथची जोडी वापरली, एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात. त्या स्थिर स्रोतावर त्याची वाचनं जुळली आणि १८२७ साली त्याचं पुस्तक आलं.

२. आधी करंट, मगच व्होल्टेज

क्रम बदलायचा नाही.

पहिलं काम, वाटेतले सगळे रोध मिळवा. सगळे म्हणजे आतलासुद्धा.
दुसरं काम, करंट = ई.एम.एफ. ÷ (बाहेरचा रोध + आतला रोध).
तिसरं काम, टर्मिनल व्होल्टेज = ई.एम.एफ. − (करंट × आतला रोध).

उदाहरण घ्या. सेल १.५ व्होल्टचा, आतला रोध ०.५ ओहम, बाहेर २.५ ओहमचा बल्ब. एकूण रोध ३ ओहम, करंट ०.५ अँपिअर. आत वाया गेले ०.५ × ०.५ = ०.२५ व्होल्ट, बाहेर मिळाले १.२५. पडताळा लगेच घ्या: बाहेरच्या बल्बवर करंट × रोध, म्हणजे ०.५ × २.५ = १.२५. दोन्ही वाटांनी तोच आकडा आला पाहिजे. नाही आला तर पुढे जाऊ नका.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे १.५ ला नुसत्या २.५ नं भागून करंट ०.६ काढणे आणि मग त्यातून आतली घट वजा करणे. उत्तर १.२ येतं. ते १.२५ च्या इतकं जवळ असतं की संशयही येत नाही, आणि बहुपर्यायी प्रश्नात १.२ हा पर्याय मुद्दाम ठेवलेला असतो.

सेल उघडा ठेवला, काहीच जोडलं नाही, तर करंट शून्य, आत घट नाही, टोकांवर पूर्ण ई.एम.एफ. दोन टोकं जाड वायरनं थेट जोडली तर बाहेरचा रोध जवळजवळ शून्य. सगळे व्होल्ट आतच पडतात, टर्मिनल व्होल्टेज शून्य आणि करंट ई.एम.एफ. भागिले आतला रोध. दोन्हीसाठी वेगळं सूत्र लागलं नाही, बघा.

३. आतला रोध घरीच मोजा

मीटरचा काळा प्रोब 'कॉम'मध्ये आणि लाल प्रोब व्होल्टच्या भोकात. लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकात राहिलेला नाही ना, हे दोनदा बघा. तो तिथे असताना सेलला मीटर लावला तर तुम्ही व्होल्टेज मोजत नसता, सेलला शॉर्ट करत असता. पेन्सिल सेलवर फार तर सेल तापेल. हीच चूक ट्रॅक्टरच्या बॅटरीवर केली तर वायर जळते, आणि स्वस्त मीटरच्या त्या भोकाला बहुतेक वेळा फ्यूजही नसतो.

बटण डीसी व्होल्टच्या '२०००एम'वर आणा, म्हणजे २००० मिलिव्होल्टची रेंज. एका सेलला हीच रेंज बरी. २० व्होल्टच्या रेंजवर १.५६ एवढंच दिसतं, इथे १५६० दिसतं, आणि आपल्याला छोटा फरक मोजायचाय. पडद्यावर डावीकडे नुसता १ उभा राहिला तर रेंज अपुरी आहे असं समजा.

मग असं करा:

अ) मोकळ्या सेलचं व्होल्टेज लिहून घ्या. समजा १५६० मिलिव्होल्ट आलं. हेच ई.एम.एफ. धरायचं. मीटरमधूनही थोडा करंट जातो, पण मीटरचा स्वतःचा रोध दहा लाख ओहम किंवा त्याहून जास्त असल्यामुळे तो फरक या मीटरवर दिसतच नाही.

आ) ४.७ ओहमचा रेझिस्टर सेलला जोडा आणि दोन-तीन सेकंदांत वाचन घेऊन लगेच काढा. समजा १४२० आलं. जोडून ठेवलंत तर आकडा हळूहळू उतरत जातो, आणि मग तुम्ही आतला रोध मोजताय की सेल रिकामा होताना बघताय, हे कळत नाही.

इ) करंट काढा: १.४२ ÷ ४.७ = ०.३०२ अँपिअर.

ई) घट काढा: १.५६ − १.४२ = ०.१४ व्होल्ट.

उ) आतला रोध = ०.१४ ÷ ०.३०२, म्हणजे सुमारे ०.४६ ओहम.

करंट मोजायला अँमीटर का लावला नाही, असं मुलं विचारतात. मीटर २०० मिलिअँपिअरच्या रेंजवर ठेवला तर त्याचा स्वतःचा रोध एखाद ओहम किंवा जास्तच भरतो. आपण अर्धा ओहम शोधतोय आणि मोजणारं यंत्रच त्याच्या दुप्पट रोध मध्ये घालतंय, काय उपयोग? शिवाय ३०२ मिलिअँपिअर त्या रेंजच्या बाहेर आहे, आतला फ्यूज उडू शकतो. व्होल्टेज मोजून रोधानं भागणं जास्त भरवशाचं.

यासाठी रेझिस्टरचा खरा आकडा माहीत हवा. ओहमच्या रेंजवर मोजताना आधी दोन प्रोब एकमेकांना टेकवून बघा. शून्य दिसणार नाही, ०.२ ते ०.५ काहीतरी दिसेल. तो प्रोबच्या वायरींचा रोध आहे, मोजलेल्या आकड्यातून वजा करा.

आणि प्रोब सेलच्या टोकांवरच टेकवा, होल्डरच्या वायरींवर नको. होल्डरची स्प्रिंग गंजलेली असेल तर तिचा रोध सेलच्या नावावर जमा होतो. आपल्याकडे जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात पावसाळाभर हवेत ओल असते, टॉर्चच्या स्प्रिंगा पटकन गंजतात, आणि लोक चांगले सेल फेकून देतात. आधी स्प्रिंग घासून बघा की.

आता जुन्या सेलवर हेच करा. समजा मोकळा १.३८ दाखवतो. बरा वाटतो. ४.७ ओहम जोडल्यावर ०.९० वर येतो. करंट ०.१९१, घट ०.४८, आतला रोध अडीच ओहम. टॉर्चला हा सेल निरुपयोगी. पण भिंतीवरच्या घड्याळात घाला, चालेल. घड्याळाला फार थोडा करंट लागतो. एक मिलिअँपिअर धरला तरी आतली घट अडीच मिलिव्होल्ट. म्हणून दुकानदार नुसता मीटर टेकवून 'सेल चांगलाय' म्हणाला तर त्यावर जाऊ नका, भार, म्हणजे रेझिस्टर किंवा बल्ब, जोडून मोजायला सांगा.

४. ई.एम.एफ. दिलंच नसेल तर

परीक्षेतला आवडता प्रकार. एका सेलला ४ ओहम जोडल्यावर ०.४ अँपिअर जातो, ९ ओहम जोडल्यावर ०.२. सेलचं ई.एम.एफ. आणि आतला रोध काढा.

सेल तोच, म्हणून ई.एम.एफ. दोन्ही वेळा सारखं:
०.४ × (४ + आतला) = ०.२ × (९ + आतला)
१.६ + ०.४ आतला = १.८ + ०.२ आतला
आतला रोध १ ओहम, ई.एम.एफ. ०.४ × ५ = २ व्होल्ट.

घरच्या प्रयोगातही १० ओहम आणि ४.७ ओहम अशी दोन वाचनं घेऊन असंच करता येतं. तीन-चार रोध घेऊन आडव्या अक्षावर करंट आणि उभ्या अक्षावर व्होल्टेज मांडलं, तर खाली उतरणारी रेघ मिळते. ती उभ्या अक्षाला जिथे कापते ते ई.एम.एफ., आणि तिचा उतार म्हणजे आतला रोध.

५. तीन सेलचा टॉर्च, आणि त्यात एक उलटा

सेल एकापुढे एक लावले की ई.एम.एफ. मिळवायची आणि आतले रोधही मिळवायचे. १.५ व्होल्टचे तीन सेल, प्रत्येकाचा आतला रोध ०.४, बल्ब ७.८ ओहमचा. ४.५ ÷ (७.८ + १.२) = ०.५ अँपिअर. बल्बवर ३.९ व्होल्ट, प्रत्येक सेलच्या टोकांवर १.३.

एक सेल उलटा बसला तर? त्याचं ई.एम.एफ. वजा होतं, उरतात १.५ व्होल्ट. आतला रोध मात्र वजा होत नाही. रोधाला दिशा नसते, तो १.२ च राहतो. करंट १.५ ÷ ९ = ०.१६७ अँपिअर, बल्बवर १.३ व्होल्ट, बल्ब जेमतेम लाल. त्या उलट्या सेलच्या टोकांवर मीटर लावला तर १.५७ दिसेल, ई.एम.एफ.पेक्षा जास्त. कारण त्याच्यात करंट धन टोकातून आत घुसतोय.

एकसारखे सेल समांतर लावले तर ई.एम.एफ. एकाच सेलचं राहतं आणि आतला रोध सेलच्या संख्येनं भागला जातो. वेगवेगळे सेल समांतर आले की मामला वेगळा, तो पुढे.

६. चार्जिंग, स्टार्टर आणि जंपर

नियम एकच लक्षात ठेवा: करंट सेलच्या धन टोकातून बाहेर पडत असेल तर आतली घट वजा, धन टोकातून आत शिरत असेल तर अधिक.

उसाचा हंगाम सुरू झाला की चिक्कोडी-अथणी-निपाणीच्या रस्त्यांवर ट्रॉल्यांची रांग लागते. त्यातला ट्रॅक्टर पहाटे स्टार्ट करताना हेडलाइट मंद होतात, हे सगळ्यांनी पाहिलंय. बॅटरीचं ई.एम.एफ. १२.६ व्होल्ट, आतला रोध ०.०१२ ओहम आणि स्टार्टर १५० अँपिअर ओढतो असं धरू. घट १.८ व्होल्ट, टोकांवर उरले १०.८. हेडलाइट त्याच टोकांवर जोडलेले, म्हणून तेही १०.८ वर. रोध इवलासा, पण करंट दीडशे.

बॅटरी उतरली की शेजारच्या ट्रॅक्टरवरून जंपर, म्हणजे दोन बॅटऱ्या जोडणाऱ्या जाड वायरी, लावतात. हे गणित पुस्तकातल्या कुठल्याही उदाहरणापेक्षा मला आवडतं, कारण त्यात एक बॅटरी देते आणि दुसरी घेते. चांगली बॅटरी १२.६ व्होल्ट, आतला रोध ०.०२. उतरलेली ११.४ व्होल्ट, आतला रोध ०.०४. दोन्ही जंपर वायरी मिळून ०.०४ ओहम. धन टोकाला धन, ऋण टोकाला ऋण, इंजिनं बंद.

दोन बॅटऱ्या एकमेकींविरुद्ध ढकलतात, म्हणून निव्वळ ई.एम.एफ. १२.६ − ११.४ = १.२ व्होल्ट. एकूण रोध ०.०२ + ०.०४ + ०.०४ = ०.१ ओहम. करंट १२ अँपिअर.
चांगल्या बॅटरीची टोकं: १२.६ − (१२ × ०.०२) = १२.३६.
उतरलेल्या बॅटरीची टोकं: ११.४ + (१२ × ०.०४) = ११.८८.
फरक ०.४८ व्होल्ट. वायरींवरची घट १२ × ०.०४, तीही ०.४८. जुळलं.

आता कुणी चुकून धन-ऋण उलटे जोडले तर ई.एम.एफ. वजा न होता मिळतात. २४ व्होल्ट भागिले ०.१, म्हणजे २४० अँपिअर. जंपर लावताना मोठी माणसं रंग दोनदा बघतात ते यासाठी. आणखी एक: ऋण वायरीचं शेवटचं टोक उतरलेल्या बॅटरीला न जोडता त्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब जोडतात. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीजवळ हायड्रोजन वायू असू शकतो. पोरांनी हे प्रयोग म्हणून करू नये, गणित वहीतच ठेवा.

एक सूचना. चार्जिंगवर असलेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर मीटर चौदाच्या आसपास दाखवतो. तो सगळा फरक करंट गुणिले आतला रोध यातून येत नाही, प्लेटांजवळच्या रासायनिक क्रियेचाही त्यात मोठा वाटा असतो. आपलं साधं मॉडेल तिथे अपुरं पडतं. परीक्षेच्या गणितात मात्र तेच चालतं.

७. सीईटीच्या घाईत

कर्नाटक सीईटीत फिजिक्सचे ६० प्रश्न ८० मिनिटांत सोडवायचे असतात आणि कॅल्क्युलेटर नसतो. तिथे करंट काढायची पायरीही गाळता येते: टर्मिनल व्होल्टेज = ई.एम.एफ. × बाहेरचा रोध ÷ एकूण रोध. १० व्होल्ट, बाहेर ४, आत १, उत्तर सरळ ८. पण ही वाट एकाच बाहेरच्या वाटेच्या, एका बॅटरीच्या सर्किटलाच. दोन बॅटऱ्या दिसल्या की परत पायरी २ वर या.

प्रश्नात 'आयडियल' किंवा 'निग्लिजिबल इंटर्नल रेझिस्टन्स' हे शब्द आहेत का ते आधी शोधा. असतील तर आतला रोध शून्य, विषय संपला. निगेटिव्ह मार्किंग नसतं, तेव्हा अडलात तरी प्रश्न कोरा सोडू नका. टर्मिनल व्होल्टेज ई.एम.एफ.पेक्षा मोठं दाखवणारा पर्याय चार्जिंगचा किंवा उलट्या लावलेल्या सेलचा उल्लेख नसेल तर आधीच खोडा, मग उरलेल्यांतून निवडा.

सरावाला तीन

क) २ व्होल्टचा सेल, आतला रोध ०.२ ओहम, बाहेर ३.८ ओहम. टर्मिनल व्होल्टेज?
ख) ६ व्होल्टच्या बॅटरीतून १.२ अँपिअर ओढल्यावर टोकांवर ५.४ व्होल्ट राहतात. आतला आणि बाहेरचा रोध?
ग) १२ व्होल्टची बॅटरी, आतला रोध ०.०५ ओहम, ६ अँपिअरनं चार्ज होतेय. टोकांवर किती?

उत्तरं: क) १.९ व्होल्ट. ख) आतला ०.५ ओहम, बाहेरचा ४.५ ओहम. ग) १२.३ व्होल्ट. ग चं उत्तर ११.७ आलं असेल तर पायरी ६ मधला नियम पुन्हा वाचा.